गाऱ्हाण्याची दोन टोके

प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. मालवणी मुलखात देवापुढची प्रार्थनाही गाऱ्हाणेच. हा निव्वळ योगायोग नसावा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमचा किनारा झोडपला, तेव्हा वाडीतला एक रापणकार म्हणाला, ‘देवान पाठ फिरवल्यान.’ पुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायला उभा राहिला तोच! एकजण ‘बा देवा’ अशी हाक मारून संकट मांडतो, चूकभूल पदरात घे म्हणतो. प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात. देवाच्या मौनात हा माणसांचा होकार, आणि धीर मिळतो तो त्यातूनच, असे मला वाटते. त्या दिवशी त्याचा आवाज मध्येच अडकला. वाक्य पुरे होण्याआधीच मागून ‘होय महाराजा’ आले.