सेवेचे कौशल्य आणि सेविकेचा ताण

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लहान खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत त्याचा अर्थ निराळा आहे. ज्या वृद्धांना स्वतःचे दैनंदिन व्यवहार जमत नाहीत, त्यांचे तेथे दीर्घकाळ वास्तव्य असते. त्यांना भरविणे, स्नान घालणे, कपडे बदलणे ही कामे प्रामुख्याने साहाय्यक सेविका करतात. काम कष्टाचे आणि वेतन अल्प, म्हणून पुष्कळ जणी ते सोडून जातात.

पण हा ताण केवळ कष्टाचाच असतो काय? रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली असे मांडले की, जेथे कामाचा बोजा मोठा, परंतु स्वतःचे कौशल्य वापरण्यास व निर्णय घेण्यास वाव थोडा, तेथे ताण सर्वाधिक असतो.

स्नानाचेच उदाहरण घेऊ. स्मृतिभ्रंश झालेली आजी स्नानाच्या वेळी ओरडते, मारते, चावतेही. सेविकेला वाटते, ही मुद्दाम छळते आहे. वस्तुतः आजीला थंडी वाजत असते, सांधे दुखत असतात, किंवा हे परके माणूस आपले कपडे का काढते आहे, हेच तिला उमगत नसते. हे कारण ओळखणे हे पहिले कौशल्य होय. त्यानंतर अंग झाकलेले ठेवणे, प्रत्येक कृती आधी सांगणे, घाई न करणे आणि गरज पडल्यास अंथरुणातच कोमट ओल्या टॉवेलने अंग पुसणे, या गोष्टी शिकता येतात.

ओरेगॉन व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील १५ नर्सिंग होममध्ये या पद्धतींचा अभ्यास झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा रीतीने स्नान घातल्यावर मारण्या-चावण्याचे प्रसंग निम्म्याहून अधिक घटले. ज्या सेविकेला रोज मार खावा लागत नाही, तिच्या मनावरील ओझे किती उतरत असेल!

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यान्वये अशा सेविकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. तथापि प्रशिक्षण म्हणजे सर्व काही नव्हे. माणसे अपुरी आणि पगार तुटपुंजा असेल, तर केवळ कौशल्याने ताण जाणार नाही.

आपल्याही अनेक भगिनी घरोघरी व रुग्णालयांत आया म्हणून राबतात. बहुतेक जणी काम करता करताच शिकतात. संस्थेने त्यांच्यासाठी छोटे वर्ग भरवावेत आणि विद्यार्थ्यांनी त्यात साहाय्य करावे. सेवा करणाऱ्या हातांनाही आधार हवा असतो, हे आपण विसरू नये.