शुल्कापलीकडील खर्चाची तजवीज
तुंगार्लीच्या विद्यार्थ्याने पुण्यात विद्यापीठीय शिक्षण घ्यावयाचे ठरविले, की घरात प्रथम विचार होतो तो शुल्काचा. निवास व भोजनाचा भार मागाहून जाणवतो. शासनाच्या स्वाधार योजनेत पुणे शहरासाठी भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० व निर्वाहाचे ८,००० असे वार्षिक ६०,००० रुपये धरले आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना असली, तरी तिची विभागणी कोणत्याही कुटुंबाला अंदाजपत्रकाचा नमुना ठरावी. लोणावळ्याहून रोज लोकलने जाणाऱ्याचे खोलीभाडे वाचते. मात्र पासाची रक्कम व प्रवासाचे तास हिशेबात धरावेत. साहाय्य अर्ज मंजूर झाल्यावरच खात्यात जमा होते. तोवरच्या महिन्यांची तजवीज आधीच केल्यास शिक्षण अर्धवट सोडण्याची पाळी टाळता येईल.