पडद्यावरचे टक्के, चेंबरमधले तेल

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडसारख्या गावात मोटारगाडी ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. अकोटच्या बाजाराचे, तेल्हाऱ्याच्या तहसील कचेरीचे आणि अकोल्याच्या दवाखान्याचे काम तिच्यावाचून अडते, आणि काही नव्या गाड्यांबरोबर ‘ऑईल लाइफ’ नावाचा टक्क्यांचा आकडाही घरात येऊन पोहोचला आहे. या आकड्याविषयी दोन परस्परविरोधी मते सारख्याच ठामपणे मांडली जातात. एका पक्षाच्या मते यंत्र खोटे बोलत नाही, तेव्हा आकडा शून्याजवळ येईपर्यंत बॉनेट उघडण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्याच्या मते ही सारी कंपनीची चलाखी असून दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलणे हेच शहाणपण. गंमत अशी, की दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून भांडतात: गाडी आपले तेल तपासते.

बहुतेक गाड्या ते तपासत नाहीत. जनरल मोटर्सच्या संशोधकांनी विकसित केलेली जी पद्धत १९८८ च्या सुमारास ओल्डस्मोबिल गाड्यांत आली, तिचे तत्त्व असे, की ठरावीक दर्जाच्या तेलाच्या नावे इंजिनाच्या फेऱ्यांची एक मोठी संख्या जमा धरावयाची, प्रत्येक फेरीगणिक त्यातून वजावट करावयाची, आणि तेल फार तापलेले किंवा फार थंड असताना झालेल्या फेऱ्यांना अधिक वजावट लावावयाची. चावडीत बसून, केवळ पाऊसमानाचे आकडे मांडून, शेतात पाऊल न टाकता काढलेली पैसेवारी जशी असेल, तसा हा आकडा आहे. ती पैसेवारी खोटी असेलच असे नाही. पाऊसमानाची नोंद खरी आणि जमीन अपेक्षेसारखी असेल, तर अंदाज पुष्कळदा बरोबर उतरतो, आणि डोळे मिटून पाच हजारांचा आकडा पाळण्यापेक्षा तो निःसंशय अधिक विचारपूर्वक काढलेला असतो. मर्सिडीजने १९९० च्या दशकाच्या अखेरीस चेंबरमध्ये संवेदक बसवून तेलाचा विद्युतीय गुणधर्म, तापमान आणि पातळी पाहण्याची सोय केली, हे खरे. परंतु तो अपवाद होय. उलट, आपल्याकडील पुष्कळशा गाड्यांत पडद्यावर जो पान्याचा दिवा लागतो तो एवढीही मेहनत घेत नाही: किलोमीटर किंवा महिने भरले, की लागला. आपल्या गाडीत या दोहोंपैकी काय आहे, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहिल्यावाचून वाद घालण्यात अर्थ नाही.

वऱ्हाडातील उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तेल लवकर जळत असणार, असेही सर्रास म्हटले जाते. वास्तविक इंजिनाचे पाणी थर्मोस्टॅट नव्वद अंशांच्या आसपास राखतो आणि तेल त्याच पट्ट्यात, भार पडल्यास शंभराच्या पुढे, काम करते. म्हणून बाहेरच्या उन्हापेक्षा चढावर भरलेली ट्रॉली ओढणे तेलाला अधिक जाचते. ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही ते भलतेच आहे. घरापासून बसस्थानकापर्यंत, तेथून शाळेपर्यंत, अशा तोकड्या फेऱ्यांत तेल पुरेसे तापतच नाही, आणि ज्वलनातून आलेले पाणी व अर्धवट जळालेले इंधन उडून न जाता तेलातच मुरते. इंजिनाच्या फेऱ्या मोजणारी प्रणाली हे ओळखते. किलोमीटर मोजणारा पान्याचा दिवा मुळीच ओळखत नाही.

परंतु या प्रदेशातील खरा शत्रू धूळ आहे, आणि तिच्यापुढे दोघेही आंधळे आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत पांदण रस्त्यावरून पुढच्या ट्रॅक्टरमागे गाडी चालली, की एअर फिल्टरवर काय चढते ते डबा उघडून पाहावे. आणि फिल्टर काढल्यावर, त्याच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवावे. बोटाला पिठासारखी बारीक माती लागली, तर फिल्टर फाटला आहे किंवा डब्याची क्लिप सैल आहे, आणि ती माती सिलिंडरच्या भिंती घासत तेलात उतरते आहे. पडद्यावर त्या वेळी सत्तर टक्के आयुष्य शिल्लक दिसेल. पुस्तिकांत ‘कठीण वापर’ या सदराखाली धूळ, भारवाहतूक, तोकडे प्रवास आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे यांसाठी तेलबदलाचे अंतर बरेच कमी दिलेले असते. हिवरखेडचा माणूस स्वतःला त्या सदरात क्वचितच मोजतो, आणि मोजावे असे मला वाटते.

तेल खरोखर तपासणे म्हणजे काय, याचा दाखला दूर शोधावयास नको. हिवरखेडवरून पूर्वी जाणाऱ्या अकोला-खंडवा मीटरगेजवर वायडीएम-४ जातीची डिझेल इंजिने धावत. आणि रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये तेलाचे नमुने घेऊन वर्णपटीय पृथक्करणाने त्यातील लोह, तांबे, सिलिकॉन यांचे प्रमाण काढण्याचा प्रघात आहे. सिलिकॉन वाढले तर धूळ शिरली, तांबे वाढले तर बेअरिंग झिजते आहे, असा निदानाचा मार्ग. रंग पाहून निकाल देणाऱ्या मिस्त्रीला मात्र हे साधत नाही. डिझेलचे तेल काळे होणे हे पुष्कळदा ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करीत असल्याचेच लक्षण असते.

तेल बदलून पडद्यावरची मोजणी रीसेट न केली, किंवा तेल न बदलता कोणी रीसेट केले, तर टक्केवारी आपोआप निरर्थक होते. हलक्या दर्जाचे तेल ओतले तरी तेच. शिवाय ती तेलाची पातळी सांगत नाही. तेलाच्या डब्याच्या चित्राचा लाल दिवाही पातळीचा नसून दाबाचा आहे. तो चालू गाडीत लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावयाचे. पातळी पाहावयाची ती सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबून, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते: काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना जादा फवारलेले डिझेल काही वेळा तेलात उतरते, विशेषतः ती क्रिया तोकड्या फेऱ्यांमुळे वारंवार अर्धवट राहिली तर, आणि पातळी घटण्याऐवजी वरच्या खुणेपलीकडे चढते. तेल वाढले म्हणून समाधान मानण्यासारखे त्यात काही नाही. ते पातळ झालेले असते, आणि पडद्यावरचे टक्के कितीही असोत, ते बदलावेच लागते.