उताऱ्यावरील प्रश्न आणि उत्तराचे स्थान

अपठित उताऱ्यावरील प्रश्नांना विद्यार्थी चुकीची उत्तरे देतात, तेव्हा त्यांना उताराच कळला नाही, असा निष्कर्ष काढला जातो. उत्तरपत्रिका बारकाईने पाहिल्यास तो अनेकदा घाईचा ठरतो. उतारा कळलेला असतो. प्रश्न कोणत्या जातीचा आहे, हे कळलेले नसते. म्हणूनच 'का?' असे विचारले तरी जवळचे वाक्य जसेच्या तसे उतरवले जाते.

पुढील तीन वाक्ये पाहावीत : 'आजीने कंदिलाची काच पुसून ठेवली. दिवस अजून कलला नव्हता. नामाही म्हणे शेवटच्या एस.टी.ने येणार होता.' आजीने काय पुसले, याचे उत्तर पृष्ठभागावरच आहे. नामाखेरीज आणखी कोणी येणार होते काय, याचे उत्तर मात्र कोणत्याही वाक्यात स्वतंत्रपणे दिलेले नाही. ते 'ही' या अव्ययात दडले आहे. नामा येणार हे निश्चित होते काय? घाईने वाचणारा विद्यार्थी 'होय' लिहील. परंतु 'म्हणे' या एका शब्दाने ती बातमी ऐकीव ठरते. तिच्या खरेपणाची हमी निवेदक घेत नाही. अशा शब्दांची ओळख व्याकरणाच्या तासाला होते आणि आकलनाच्या तासाला ती कोणालाच आठवत नाही, ही आपल्या अध्यापनातील जुनी दुफळी आहे. आजीने एवढ्या लवकर काच का पुसली, हा प्रश्न याहून वेगळा. तेथे तिन्ही वाक्ये एकत्र आणावी लागतात. शिवाय वाट पाहण्याचा वाचकाचा स्वतःचा अनुभवही.

वाचनाच्या अमेरिकन अभ्यासक टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात प्रश्न व उत्तर यांच्या संबंधावरून चार प्रकार मांडले : एकाच ठिकाणी सापडणारे, ठिकठिकाणी शोधून जुळवावे लागणारे, लेखक आणि वाचक यांच्या मेळातून मिळणारे व केवळ वाचकाच्या अनुभवातून येणारे. ब्लूम आणि सहकाऱ्यांचे १९५६ मधील वर्गीकरण मुख्यतः शिक्षकाला उद्दिष्टे ठरविण्यास उपयोगी पडते. राफेल यांची मांडणी विद्यार्थ्याच्याच हाती साधन देते. मराठीच्या अध्यापकाला येथे अभिधा, लक्षणा, व्यंजना आठवणे स्वाभाविक आहे. मात्र समीकरण मांडू नये. शब्दशक्तींचा विचार शब्द व अर्थ यांच्या संबंधाचा आहे, उत्तराच्या स्थानाचा नव्हे. लक्षणेसाठी या चौकटीत ओढूनताणून जागा शोधण्यात काही हशील नाही.

वर्गात प्रारंभी उत्तर विचारूच नये. ते कोठे शोधाल, एवढेच विचारावे आणि आधाराचा शब्द अधोरेखित करून घ्यावा. मग मतभेद झाला तरी त्याचा निवाडा उताऱ्यापाशी होतो.

खरी अडचण पुढे, परीक्षकापाशी येते. नामाच्या येण्याची आजीला खात्री होती काय, असे विचारल्यास एक विद्यार्थी 'म्हणे'च्या आधारे 'नाही' म्हणेल, दुसरा पुसलेल्या काचेच्या आधारे 'होय'. तिसरा 'ही'कडे बोट दाखवून ती काच दुसऱ्याच कोणासाठी पुसली असेल, असेही सुचवील. नमुना-उत्तरात यांपैकी एकच बसते आणि उरलेले दोघे सावध वाचक गुण गमावतात. अशा प्रश्नाचे निम्मे गुण आधारासाठी राखून ठेवणे आणि तसे प्रश्नपत्रिकेतच छापणे, हे प्रश्नकर्त्याला सहज करता येण्याजोगे आहे.