‘अनाथ’ ते ‘हक्क’: सेवाभावी संस्थांच्या आवाहनाचा मागोवा

सेवाभावी संस्थेच्या संदर्भात ‘विपणन’ हा शब्द मराठीत आजही काहीसा संकोचाने उच्चारला जातो, कारण जिच्याकडे विकण्यासारखे काही नाही, तिने बाजाराची भाषा का बोलावी, अशी शंका त्यामागे असते. तथापि देणाऱ्याला काम कळावे, त्याने पुन्हा त्या कामाकडे वळावे आणि त्यासाठी आवाहनाचे रूप वेळोवेळी पालटावे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ घेतला, तर महाराष्ट्रातील संस्था हा उद्योग शंभराहून अधिक वर्षे करीत आल्या आहेत. आणि त्यांतले जे बदल खरोखर लागू पडले, त्यांना बहुधा फारसा खर्च आलेला नाही.

अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी मांडलेल्या पैसा फंडाचे बळ रकमेच्या लहानपणात होते. दर माणशी वर्षाला एक पैसा, म्हणजे तेव्हाच्या चलनात रुपयाचा चौसष्टावा भाग, एवढीच मागणी असल्यामुळे ऐपतीचे कारण पुढे करून नकार देणे अवघड होते. ‘देणगी’ ही देणाऱ्याच्या मनावर सोडलेली असते, तर ‘वर्गणी’ हा ठरलेल्या दराने सर्वांनी उचलायचा वाटा असतो. काळे यांनी देशकार्याला देणगीच्या रकान्यातून वर्गणीच्या रकान्यात आणले, आणि काय द्यायचे ते फंडाच्या नावातच सांगून टाकले. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे या फंडाचा काचकारखाना उभा राहिला.

धोंडो केशव कर्वे यांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. १९१६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. (चौसष्ट पैशांच्या हिशेबाने ही रक्कम नऊ कोटी साठ लाख पैशांची होते.) एवढे मोठे दान पदरी पडल्यानंतरही १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढून कर्वे पुन्हा लहान रकमा गोळा करण्याकडे वळले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात दाखवली जाते त्याहून अधिक लक्षणीय आहे.

कर्व्यांच्याच संस्थेत दुसरा, अधिक खोल बदलही दिसतो. १८९६ साली ‘अनाथ बालिकाश्रम’ या नावाने सुरू झालेले आणि १९०० मध्ये हिंगण्याला गेलेले काम पुढे ‘स्त्री शिक्षण संस्था’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पहिल्या नावात आश्रयाला आलेल्या मुलीचे दुःख आहे, दुसऱ्यात तिचे शिक्षण. आणि देणारा पहिल्या नावापुढे कनवाळू ठरतो, तर दुसऱ्यापुढे सहभागी.

वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या संस्थेचे नोंदलेले नाव ‘महारोगी सेवा समिती’ असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘आनंदवन’ बसले, म्हणजे रोगाच्या जागी गावाचे नाव आले. ज्या रुग्णांच्या हातची भाजी घेण्यासही सुरुवातीला समाज कचरत असे, त्यांच्याच हातच्या वस्तू पुढे घरोघरी गेल्या, आणि आवाहनपत्रकाला जे साधले नसते, ते अशा वस्तूला साधले. मुंबईत १९७९ साली रिप्पन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांवर सुरू केलेल्या ‘क्राय’ने (‘चाइल्ड रिलीफ अँड यू’) शुभेच्छापत्रांचा असाच उपयोग केला. ज्याने पत्र विकत घेतले, तो ते दुसऱ्या कुणाला पाठवी आणि ते दिवाळीनंतरही काही दिवस कपाटावर उभे राही, त्यामुळे मागील बाजूस छापलेले संस्थेचे नाव टपालाच्या एकाच तिकिटात दोन घरांत पोहोचे. २००६ साली या संस्थेने आपल्या नावातील ‘रिलीफ’च्या, म्हणजे मदतीच्या, जागी ‘राइट्स’, म्हणजे हक्क, हा शब्द घातला. संक्षेपातील तीन इंग्रजी अक्षरे तीच राहिली, पाटी रंगवण्यापलीकडे फारसे काही करावे लागले नसेल, पण मूल दयेचा विषय राहिले नाही.

या तुलनेत वार्षिक स्मरणिका हा प्रकार निष्प्रभ म्हणावा लागेल. अध्यक्षांचे मनोगत, दीपप्रज्वलनाची छायाचित्रे आणि स्थानिक दुकानदारांच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ यांनी भरलेली ती पाने जाहिरातदार आपले नाव तपासण्यापुरती उघडतो. याउलट ‘लोकसत्ता’ने २०११ पासून गणेशोत्सवात चालवलेल्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात संस्थांचे काम सविस्तर लेखांतून मांडले जाते आणि धनादेश थेट त्या संस्थांच्या नावे मागवले जातात. त्यात कामाचे वर्णन हेच आवाहन असते.

२०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने, म्हणजे भ्रमणध्वनीवरून खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेने, पैसा फंडाची लहान रक्कम पुन्हा शक्य केली. मात्र जुन्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवर, म्हणजे संस्थेकडे राहणाऱ्या अर्ध्या भागावर, देणाऱ्याचे नाव, गाव आणि अक्षरी रक्कम उरत असे, आणि पुढच्या वर्षी कार्यकर्ता त्याच दारी जात असे. दानपेटीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडातून आलेल्या एकावन्न रुपयांमागे कोण आहे, हे पुष्कळदा खातेउताऱ्यावरूनही कळत नाही. म्हणून अनेक संस्था आता कोडाखाली ‘पैसे पाठवल्यावर नाव व पत्ता व्हॉट्सॲपवर कळवावा’ अशी ओळ छापतात, आणि आलेली नावे संध्याकाळी कार्यालयात कुणीतरी एकेक करून वहीत उतरवून घेते.