उपशामक उपचार : किती लवकर, किती वेळा? (लेखांक ७)

कर्करोग शरीरात इतरत्र पसरला आहे असे निदान झाले की उपचारांचा हेतू बदलतो. रोग मुळासकट काढणे बहुधा शक्य नसते. त्याला आवरून धरणे आणि रुग्णाचा त्रास कमी करणे ही दोन कामे उरतात. पहिले काम कर्करोगतज्ज्ञांचे. दुसऱ्याला उपशामक उपचार म्हणतात, पण रुग्णालयातल्या दारावर पाटी असते ती ‘पॅलिएटिव्ह केअर’ची. जुनी रीत अशी, की पहिल्या कामात डॉक्टरांनी हात टेकले की मग दुसरे सुरू व्हायचे. त्यामुळे या विभागाची चिठ्ठी हातात पडली की नातेवाईक तिचा अर्थ ‘आता घरी न्या’ असाच घेतात. ही दोन्ही कामे निदानापासूनच बरोबरीने केली तर काय होते, याचा शोध गेल्या पंधरा-वीस वर्षांत पद्धतशीरपणे घेतला गेला.

त्याआधीचा एक मोठा प्रयत्न फसला होता. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांवर झालेल्या ‘सपोर्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ साली आले. शुद्धीत असताना मरण आलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना अखेरीस किमान अर्धा वेळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असे घरच्यांनी सांगितले. हृदय बंद पडल्यास ते पुन्हा चालू करण्याची खटपट नको, अशी इच्छा असलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांच्या डॉक्टरांना ती ठाऊक होती. पुढच्या टप्प्यात खास प्रशिक्षित परिचारिका नेमून अशी माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचवली गेली. तरीही परिस्थिती होती तशीच राहिली.

चित्र पालटले ते ऑगस्ट २०१० मध्ये. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. नेहमीचे कर्करोग-उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला सुरुवातीपासून, महिन्यातून किमान एकदा, उपशामक तज्ज्ञांची भेटही ठरवून दिली. बारा आठवड्यांनंतर या गटाचे जीवनमान सरस होते. नैराश्याची लक्षणे त्यांच्यातल्या १६ टक्के रुग्णांत, तर दुसऱ्या गटातल्या ३८ टक्के रुग्णांत आढळली. शेवटच्या काळात आक्रमक उपचार झालेल्यांचे प्रमाण ३३ टक्के विरुद्ध ५४ टक्के होते. आणि आक्रमक उपचार कमी होऊनही हा गट जास्त जगला : मध्यक आयुर्मान ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. वृत्तपत्रांनी साहजिकच हा शेवटचा आकडा उचलला. चाचणी मुळात जीवनमान मोजण्यासाठी आखली होती आणि ती एकाच रुग्णालयात झाली होती, हे मात्र मागे पडले.

या भेटींत नेमके काय घडते, हे टेमेल आणि सहकाऱ्यांनीच नंतर वीस रुग्णांच्या नोंदी वाचून तपासले. सुरुवातीच्या भेटी ओळख वाढवण्यात, त्रास ऐकून घेण्यात आणि रुग्णाला आपला आजार कितपत उमगला आहे हे जाणण्यात गेल्या होत्या. मरणाशी निगडित निर्णयांची बोलणी बहुतांशी पुढच्या भेटींत झाली. ‘सपोर्ट’मधल्या परिचारिका जे निरोपानिरोपीने साधू पाहत होत्या, ते इथे महिनोन् महिन्यांच्या परिचयाने साधले, असे म्हणायला हरकत नाही.

त्रास ऐकणे हेही कसबाचे काम आहे. वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, हे सगळेच विचारतात. उपशामक डॉक्टर पाठोपाठ ‘शौचाला कधी झाले?’ असे विचारतो. मॉर्फिनने वेदना दबते, तशी आतडीही मंदावतात, आणि बद्धकोष्ठाने हैराण झालेला रुग्ण कोणाला न सांगता गोळी सोडतो. म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ ठेवणारे औषधही असावे लागते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. वेदना सतत असेल तर ती दुखण्याची वाट न पाहता घड्याळ लावून घ्यायची असते. धाप लागली की घरचे ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे धावतात. पण ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन फारसा उतरलेला नव्हता अशा २३९ रुग्णांच्या एका चाचणीत (हीही २०१० चीच) नळीतून ऑक्सिजन दिला काय आणि साधी हवा दिली काय, आराम सारखाच पडला. चेहऱ्यावर धरलेल्या छोट्या पंख्याच्या गार झुळकेने मात्र अनेकांची धाप हलकी होते. चेहऱ्याच्या त्वचेतल्या मज्जातंतूंमार्फत ती झुळूक श्वास कोंडल्याची जाणीवच कमी करते.

बॉस्टनचा निष्कर्ष सगळीकडे जसाच्या तसा उतरला नाही. टोरांटोतल्या ४६१ रुग्णांच्या चाचणीत तिसऱ्या महिन्यात जीवनमानातला फरक पुरेसा ठळक नव्हता, चौथ्या महिन्यात तो स्पष्ट झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १८० रुग्णांवर अशीच चाचणी झाली. तिथे दोन गटांच्या जीवनमानात, त्रासात किंवा आयुर्मानात लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून उपशामक उपचार कुचकामी ठरत नाहीत. फुप्फुसाच्या रोगातला अनुभव तोंडाच्या व्रणाने गिळता-बोलता न येणाऱ्या रुग्णाला लावताना सावध राहावे, एवढेच ठरते. भारतासाठी मुंबईचा हा निष्कर्ष बॉस्टनच्या निष्कर्षाहून अधिक मोलाचा आहे.

दरम्यान अडचण वेगळीच उभी राहिली. दर महिन्याला प्रत्येक रुग्णाला भेटायला तज्ज्ञ आणायचे कुठून? श्रीमंत देशांतही ते पुरेसे नाहीत. २०२४ साली यावर दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांचे निष्कर्ष आले. पहिलीत २२ केंद्रांवरच्या १,२५० रुग्णांना व्हिडिओवरून किंवा समोरासमोर भेटी दिल्या. जीवनमान दोन्हीकडे सारखे राहिले. व्हिडिओच्या भेटींत घरच्यांचा सहभाग तेवढा घटला. दुसरी टेमेल यांच्याच गटाची, फुप्फुसाचा प्रगत कर्करोग असलेल्या ५०७ रुग्णांवरची. तिच्यात एका गटाला दर महिन्याला भेट होती; दुसऱ्या गटाला पहिल्या भेटीनंतर उपचार बदलला किंवा रुग्णालयात भरती व्हावे लागले, तेव्हाच भेट मिळे. या गटाकडून सहा-सहा आठवड्यांनी जीवनमानाची प्रश्नावली भरून घेत आणि गुण दहाने घसरले तर भेटी दर महिन्याच्या करत. चोवीस आठवड्यांत पहिल्या गटाच्या सरासरी ४.७ भेटी झाल्या, दुसऱ्याच्या २.४, तरी दुसऱ्याचे जीवनमान खालावले नाही. उणीव एका ठिकाणी राहिली. अमेरिकेत अखेरच्या दिवसांतली देखभाल, म्हणजे हॉस्पिस सेवा, बहुधा घरीच दिली जाते. दर महिन्याला भेटणाऱ्या रुग्णांना ती सरासरी ३४.६ दिवस मिळाली होती, गरजेपुरते भेटणाऱ्यांना १९.५ दिवस.