आईची गोळी कोणती?



पुंडलिकाची कथा तुम्हा-आम्हाला पाठ आहे. आईबापाला छळणारा हा मुलगा काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात थांबला. तिथं गंगा, यमुना, सरस्वती मळक्या वस्त्रांनी येतात, मातृपितृभक्त ऋषींचं अंगण झाडतात आणि निर्मळ होऊन जातात, हे त्यानं पाहिलं. तिथून तो पालटला. पुढं साक्षात पांडुरंग दारात आला, तर यानं वीट पुढं केली. देवा, जरा थांब, आईबापाची सेवा चाललीय! आणि देव थांबला.

ही कथा मी गावोगाव सांगत आलो. पण खरं सांगू का? सांगणारा कोरडाच होता.

एका पहाटे आई म्हणाली, "पाठ भरून आलीय रे, मळमळतंय." आम्ही म्हटलं, पित्त असेल. सोडा दिला. तासाभरानं दरदरून घाम फुटला, तेव्हा कुठं धावपळ सुरू झाली. हृदयविकाराचा झटका होता. छातीत कळ आलीच पाहिजे असं नाही, बरं का. बायकांना आणि मधुमेहाच्या माणसांना कधी नुसती पाठ किंवा जबडा दुखतो, दम लागतो, मळमळतं. रक्तवाहिनी बंद पडली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटानं मरत जातो. म्हणून अशा वेळी घरचे उपाय नकोत. लगेच १०८ ला फोन लावा.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आईंना गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मंडळी, शेकडो अभंग तोंडपाठ असलेला हा कीर्तनकार गप्प! शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांना नावं माहीत होती. बीपीची कुठली, साखरेची कुठली, आणि गेले चार दिवस आईची एक गोळी संपली होती, हेही. मला का सांगितलं नाही? तर "तुझी कीर्तनं चालू होती ना," हे आईचं उत्तर.

आई वाचली, पांडुरंगाची कृपा. पण सगळ्यांनाच अशी दुसरी संधी मिळत नाही. मग वाचकहो, आपण झटक्याची वाट का बघायची? आज एवढंच करा. आईबापाच्या गोळ्यांची नावं कागदावर लिहा, एक प्रत खिशात ठेवा. किती उरल्यात ते स्वतः बघा. आणि मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटं जवळ बसा. बायको, भाऊ, शेजारच्या काकू यांनी आपल्या नकळत जे सांभाळलं, त्याबद्दल तोंडभरून बोला. मनातल्या मनात मानलेले उपकार समोरच्याला कळत नसतात.

आपण जयघोष करतो, 'पुंडलिक वरदे हरि विठ्ठल'. नीट ऐका. आधी नाव कुणाचं येतं? सेवा करणाऱ्या लेकाचं. देवाचं त्यानंतर.

हल्ली मी कीर्तनाला निघताना आईची डबी उघडून बघतो. गाडी थांबते दोन मिनिटं. थांबू दे. देव थांबला होता, गाडीचं काय!